वारसाच्या रकान्यात वडील

त्यांना सगळे सूतभर म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण. खिडकीला काच बसवणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते: काच चौकटीच्या नेमक्या मापाची कापायची नसते, सूतभर कमी कापायची असते. चौकट लाकडाची, ती फुगते, आखडते. काच यातलं काहीच करत नाही, ती सरळ फुटते. म्हणून मधे थोडी जागा सोडायची. हे ते गिऱ्हाइकाला समजावून सांगत, गिऱ्हाइकाच्या बायकोला सांगत, शाळेची तावदानं बसवायला गेले तर हेडमास्तरांनाही सांगत. अंगठा नि बोट जवळ आणून म्हणायचे, "सूतभर कमी." नाव पडायला एवढं पुरलं.

माणूस कामाला चोख. काच कापायची हिऱ्याच्या टोकाची हिरकणी एकदाच फिरवायची, एका दमात, आणि कान तिच्या आवाजाकडे ठेवायचा. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा हिरकणी फिरवणाऱ्याला ते कारागीर मानतच नसत. काच बसली की भोवती लांबी भरायची, म्हणजे तेलात मळलेली खडूची पूड. जुन्या घरांच्या चौकटी हमखास एकीकडे कललेल्या असतात. सूतभर कलत्या बाजूला लांबी दाबून भरत, सरळ बाजूला नावापुरतं बोट फिरवत. सरळ बाजू आपली आपण उभी राहते, असं त्यांचं म्हणणं. खिडक्यांच्या बाबतीत ते खरंही होतं. पण हाच न्याय त्यांनी घरातल्या दोन पोरांना लावला आणि तिथं जन्माची चूक झाली.

दोन पोरांत मुलगी थोरली. ती लहानपणापासून सरळ. शाळेची बॅग स्वतः भरायची, ताप आला तर स्वतःच कपाळावर ओला फडका ठेवून पडायची, आईला उठवायची नाही. शिकून एका प्रयोगशाळेत कामाला लागली, जिथं दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि नकली दात तयार होतात. प्लास्टरचे साचे, मेण, चकचकीत करायचं चाक, आणि दात भाजायची एक छोटीशी भट्टी. सूतभरांचे दात पन्नाशीच्या आतच पडले होते. पोरीनं स्वतः बनवलेली पहिली कवळी बापाच्या तोंडात बसली. ते गल्लीत सांगत सुटले, "बापाचे दात घशात घालणारी पोरं घरोघरी असतात. तोंडात घालणारी माझी एकटीच." त्या दिवशी ते इतके हसले की कवळी हातात धरावी लागली.

धाकटा मुलगा कलता. वाईट नव्हता, हे नीट समजून घ्यायला हवं. ना व्यसन, ना उद्धट बोलणं. पण जे हातात धरेल ते निसटायचं आणि निसटलं की डोळ्यांत पाणी घेऊन बापासमोर उभा राहायचा. त्याचं ते खालचा ओठ आत ओढून उभं राहणं सूतभरांना बघवत नसे. त्यांचा हात खिशाकडे जायचा. बायको म्हणायची, अहो, एकदा तरी त्याला नाही म्हणा. ते म्हणायचे, म्हणेन की, पुढच्या वेळी म्हणेन.

बायको घरी बसून एका शर्टाच्या कारखान्याची काजं करायची. एका शर्टाला सात काजं. वीस वर्षं तिनं काजं केली आणि त्यातला एक पैसा घरखर्चाला लावू दिला नाही. घर तुमच्या काचेवर चालवा, माझी काजं कशासाठी ते मला ठाऊक आहे, असं म्हणायची. काजं थोरलीसाठी होती. पोरीला स्वतःची भट्टी घ्यायची होती, एका खोलीत का होईना, स्वतःची प्रयोगशाळा काढायची होती. मायलेकी या विषयावर इतक्यांदा बोलत की ती खोली सूतभरांनाही जणू पाहिल्यासारखी वाटू लागली होती. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या खाटेवर बायकोनं त्यांचा हात धरला. "ते पैसे तिचे. तिची भट्टी. तुमच्या हातात देऊन चाललेय," एवढंच म्हणाली. सूतभरांनी मान डोलावली.

थोरलीनं ते पैसे लगेच मागितले नाहीत. आई जाऊन वर्ष उलटू दे, मग बघू, म्हणाली. मेलेल्या माणसाच्या पैशाला लगेच हात लावू नये असं तिला वाटलं. तिच्या चांगुलपणाची किंमत तिलाच मोजावी लागली, कारण वर्ष उलटून महिना होतो न होतो तोच धाकटा ओठ आत ओढून दारात उभा राहिला. सरकत्या खिडक्यांचं दुकान काढायचं होतं. जागा मिळत होती, भागीदार मिळत होता, फक्त पैसा नव्हता. सूतभरांनी दोन दिवस विचार केला. म्हणजे त्यांना वाटलं, की केला. पोरगी कमावते आहे, तिला कुणाची गरज नाही. पोरगा पडला तर उठायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोचे सगळे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले.

आठव्या महिन्यात दुकान बुडालं आणि भागीदारानं जे केलं ते सगळे भागीदार करतात. पण त्याच्या बऱ्याच आधी थोरली एका संध्याकाळी भट्टीच्या किमतीचा कागद घेऊन घरी आली. कागद टेबलावर पसरून ती बापाला दाखवत होती, हा भाग असा, तो तसा. सूतभर ऐकत राहिले. तिचं बोलून झाल्यावर म्हणाले, की पैसे नाहीत. कुठं गेले ते तिनं विचारलंसुद्धा नाही. कागदाची घडी घालत म्हणाली, "आईनं तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पण तो पडला असता गं. तुझं काय, तू उभी आहेस."

"सरळ उभी राहिले, हाच माझा गुन्हा ना बाबा?"

पोरीनं आदळआपट केली नाही, तोंडातून वाकडा शब्द काढला नाही. एका रविवारी दोन बॅगा भरून ती प्रयोगशाळेजवळ भाड्याच्या खोलीत राहायला गेली. शहराचं दुसरं टोक, बसनं पाऊण तास. तो पाऊण तास चौदा वर्षं कुणी ओलांडला नाही.

अगदीच नाही असं नाही. सूतभर दोनदा बसमध्ये बसले. एकदा तिच्या स्टॉपच्या अलीकडेच उतरले आणि चालत परत आले. एकदा प्रयोगशाळेच्या समोरच्या फुटपाथवर तासभर उभे राहिले. जिन्याची एक काच तडकलेली होती, तिचं माप नजरेनं घेतलं आणि पुढची बस धरली. आपण बाप, आपण आधी कसं बोलायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ती विचारेल, आता तरी शहाणे झालात का, आणि उत्तर काय होतं ते त्यांना माहीत होतं. कारण मधल्या वर्षांत धाकट्याचा टेंपो झाला, पाण्याच्या बाटल्यांची एजन्सी झाली, दोन ठिकाणची अनामत झाली, पोरांची फी झाली. दर वेळी सूतभरांचा हात खिशाकडे गेला. दुकानाचा पुढचा अर्धा भागही त्यातच विकला गेला. काचेवर एका रेघेवरून दोनदा हिरकणी न फिरवणारा माणूस पोराच्या बाबतीत तीच रेघ पुन्हा पुन्हा ओढत राहिला.

भाऊबहिणीचं मात्र बोलणं होतं, फोनवर. धाकट्याकडूनच सूतभरांना तिची खबर कळे. ताईला बढती मिळाली. ताईला चष्मा लागला. तिनं लग्न केलं नाही, भट्टीही घेतली नाही, दुसऱ्याच्या भट्टीवर काम करत राहिली. माझ्याविषयी काही विचारते का, असं ते कधी विचारत नसत. तब्येत विचारत होती, असं धाकटा आपणहून सांगे आणि सूतभर तेवढ्यावर आठवडा काढत. कवळी सैल झाली होती, जबडा वयाबरोबर आखडतो, पण नवी करून घ्यायला ते तयार नव्हते. जेवताना कटकट वाजायची. वाजू दे, म्हणायचे.

गेल्या वर्षी थोरली गेली. कामाच्या टेबलापाशी बसल्या बसल्या डोकं दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी. सूतभरांनी चौदा वर्षांनी पोरीचा चेहरा पाहिला तो असा. केस बरेच पांढरे झाले होते. ते तिच्या आईसारखे कानांवरून मागे वळवलेले होते, आणि हे कुणी आपल्याला सांगितलंच नव्हतं, एवढाच विचार त्यांच्या मनात घोळत राहिला.

दीड महिन्यानं बँकेतून फोन आला. तिथल्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कागद पुढे सरकवला. थोरलीच्या सगळ्या पुंजीवर वारस म्हणून त्यांचं नाव होतं. नाव, वय, नातं: वडील. रक्कम इतकी होती की सूतभरांनी आयुष्यभर बसवलेल्या काचांची मजुरी एकत्र केली तरी तिच्या निम्म्याला पोचली नसती. जगाची रीत अशी की पैसा वरून खाली येतो, बापाकडून लेकराकडे. इथं तो खालून वर आला होता. सूतभरांनी सही करायला पेन उचललं आणि त्यांना कळेना की आपण नेमकं काय घेतोय.

"हे नाव कधी लिहिलंय तिनं?" त्यांनी विचारलं.

बाईंनी तारीख पाहिली. पंचवीस वर्षांपूर्वी, खातं उघडलं तेव्हा. म्हणजे बाविसाव्या वर्षी, कवळीवरून बाप हसला होता त्या सुमाराला. पुढे बदललं नव्हतं का, बदलायला आली नव्हती का, असं त्यांनी दोनदा विचारलं. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, नोंद नाही. मग म्हणाल्या, की बरेच लोक बदलायचं विसरतात.

विसरली, की राहू दिलं? सूतभरांची झोप उडाली ती या एका प्रश्नानं. पैसे खात्यात जमा झाले, शेजारी अभिनंदन करावं की सांत्वन या पेचात पडले, आणि हे आपले दिवसभर त्याच प्रश्नाभोवती फिरत. विसरली असेल तर ही रक्कम म्हणजे पोस्टमननं चुकीच्या दारात टाकलेलं पाकीट. आणि राहू दिलं असेल तर? तर मग पोरीनं माफ केलं होतं आणि आपण बसच्या एका तिकिटाएवढे लांब होतो. यातलं कुठलं सोसायला सोपं, तेही त्यांना ठरवता येईना.

शेवटी तिसऱ्यांदा ते त्या बसमध्ये बसले आणि या वेळी शेवटपर्यंत गेले. प्रयोगशाळेच्या मालकीणबाई साठीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी थोरलीचं टेबल दाखवलं. तिथं आता दुसरी मुलगी बसून मेणात दात लावत होती. सूतभरांनी प्रश्न विचारला. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, सांगावं की नाही याचा अंदाज घेतला असेल.

चार वर्षांपूर्वी विम्यासाठी सगळ्यांकडून नवे अर्ज भरून घेतले होते, त्या म्हणाल्या. बाकीच्यांनी पाच मिनिटांत दिले. थोरली वारसाच्या रकान्यावर पेन धरून बसली. मालकीणबाईंना घरची गोष्ट ठाऊक होती, म्हणून त्यांनी म्हटलं, भावाचं लिही. तिनं लिहिलं, खोडलं, आणि वर वडील असं लिहिलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लिहायला दुसरं कुणी नाही, आणि हे सोडायला मन होत नाही."

हे वाक्य घेऊन सूतभर परत आले. बऱ्या दिवशी त्यांना त्याचा मागचा अर्धा भाग आठवे, वाईट दिवशी पुढचा. तरी एक ठरलं. विसरली नव्हती. पेन हातात धरून बसली होती, विचार केला होता, आणि आपलं नाव लिहिलं होतं. बायकोनं विश्वासानं हातात दिलेलं आपण घालवलं, आता पोरीनं दिलेलं घालवायचं नाही. त्या पैशाचं करायचं काय, याची त्यांना काडीची कल्पना नव्हती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी भट्टी घेऊन काय दात भाजणार होते? पण काय करायचं नाही, ते पक्कं होतं.

आणि धाकटा यायचा तो आलाच. दुपारची वेळ होती, सूतभर दुकानाच्या उरलेल्या अर्ध्या भागात एका फोटोची काच पुसत बसले होते. गेली चार वर्षं धाकटा दुसऱ्याचा टेंपो चालवत होता, पहिल्यांदाच एका कामाला चिकटून राहिला होता. मालकाला टेंपो विकायचा होता, घरचा म्हणून स्वस्तात द्यायला तयार होता. त्यानं कागद आणले होते. इंजिन तपासलेलं, फेऱ्या ठरलेल्या, गिऱ्हाइकं बांधलेली. सूतभरांनी कागद चष्मा लावून वाचले. नशिबाची थट्टा अशी की आजवरच्या सगळ्या खटाटोपांत हा एकच खरा होता. पोरगं या वेळी उभं राहिलं असतं.

त्यानं ओठ आत ओढला नव्हता. सरळ म्हणाला, "ताईचे आलेत ना बाबा, त्यातले निम्मे पुरतील. परत करीन."

"नाही," सूतभर म्हणाले.

धाकट्याला ऐकू आलं नसावं. तो पुढे इंजिनाचंच काहीतरी सांगत होता.

"नाही म्हणालो मी. ते तिचे आहेत. तुला त्यातले द्यायचे नाहीत."

"ताई आता कुठंय बाबा?"

"नसली तरी तिचेच."

म्हणाले खरे, पण सूतभरांचा स्वतःवर भरवसा नव्हता. त्यांनी फडकं खाली ठेवलं. आता हा रडेल, मग आपण विरघळू, म्हणून ते काचेकडे बघत राहिले. तोंडापर्यंत आलं होतं, बरं, थोडे घे. त्यांनी दात आवळले. सैल कवळी हलली, पण शब्द बाहेर पडला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत हे त्यांना पहिल्यांदा जमलं होतं. मनात आलं, बघ गं पोरी, जमलं. आणि लगेच, बैल गेला अन् झोपा केला.

धाकटा खरंच रडायला लागला. पण कागद त्यानं कधीच बाजूला ठेवले होते.

"टेंपोचं नाही," तो म्हणाला. "टेंपोचं जाऊ दे. ताई मला म्हणाली होती. ती घर सोडून गेली ना, त्याच वर्षी. म्हणाली, बाबा तुला ज्या दिवशी नाही म्हणतील, त्या दिवशी मला फोन कर. मी घरी येईन."

सूतभरांनी चष्मा काढला.

"दर वेळी फोनवर विचारायची. काय रे, म्हणाले का? आधी हसून विचारायची. मग नुसतंच विचारायची. शेवटी शेवटी विचारायचं सोडलं तिनं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस," सूतभर म्हणाले. त्यात राग नव्हता, राग यायलाही अंगात काही लागतं.

धाकट्यानं बाहीनं तोंड पुसलं. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस, कानशिलं पांढरी झालेला. म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, बाबा. आणि मला दर वेळी पैसे लागायचे."

बाहेर रस्त्यावरून माणसं येत-जात होती. एका बाईनं आत डोकावून मापाचा कागद दाखवला, आणि दोघांकडे बघून नंतर येते म्हणाली. सूतभरांना खूप ओरडावंसं वाटलं, पोराला दुकानाबाहेर काढावंसं वाटलं, आणि त्याच वेळी दिसलं की त्याचा खांदा हुंदक्यानं एका बाजूला खाली गेलाय. ते उठले, त्याच्याजवळ जाऊन बसले, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायला आता तेवढं एकच लेकरू उरलं होतं.